'माझ्या वॉलेटमध्ये' म्हणजे कोणाच्या ताब्यात?

'माझ्या वॉलेटमध्ये बिटकॉइन आहे' असे कोणी म्हणाले, की त्यातील 'माझ्या' या शब्दापाशी मी थांबतो. आपली षष्ठी फार उदार आहे. 'माझे घर' असे मालक म्हणतो आणि भाडेकरूही म्हणतो. एक्सचेंजवर खरेदी केलेल्या आभासी चलनाची गुप्त किल्ली एक्सचेंजकडे असते. तुम्हांला पडद्यावर दिसते ती केवळ येणे असलेल्या रकमेची नोंद. 'खाते' हा शब्दही असाच फसवा. तो ऐकताच बँक आठवते. परंतु बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण असते, या नोंदीला ते नसते.

टोकियोतील माउंट गॉक्स हे एक्सचेंज २०१४ मध्ये बुडाले. त्याच्या ग्राहकांना बिटकॉइनच्या रूपातील परतफेड सुरू होण्यास २०२४ उजाडले. त्याच वर्षी १८ जुलैला वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीस गेले आणि ग्राहकांना आपले चलन काढता येईना. त्यांचे पासवर्ड कोणी चोरले नव्हते, हे ध्यानात घ्या. पासवर्ड भक्कम ठेवावा, ओटीपी कोणास सांगू नये, हे योग्यच. पण त्याने भागत नाही. म्हणून माझे मत असे, की व्यवहारापुरतेच चलन एक्सचेंजवर ठेवावे आणि उरलेले, ज्याची किल्ली आपल्याच हाती आहे अशा वॉलेटमध्ये हलवावे.

येथे मात्र भाषेचा खरा प्रश्न उभा राहतो. ही किल्ली बहुधा १२ किंवा २४ शब्दांच्या रूपाने मिळते. ते शब्द २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात. अशी यादी इंग्रजीत आहे, जपानीत आहे, स्पॅनिशमध्येही आहे, मराठीत नाही. (आपल्या भाषाविषयक संस्थांना हे काम का सुचू नये?) इंग्रजी यादीत 'जोडी' या अर्थाचा 'पेअर' आहे आणि त्याच नावाचे फळही आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच उतरतील आणि किल्ली लागणार नाही. तेव्हा हे शब्द रोमन लिपीत, मूळ वर्णलेखनानुसार व क्रमांक घालून कागदावर लिहा. मोबाइलने त्यांचे छायाचित्र काढू नका. 'मदत कक्षातून बोलतो' असे सांगून कोणी ते विचारू लागल्यास फोन ठेवून द्या. कागद गेला, तर ते शब्द पुन्हा देणारे कार्यालय कोठेही नाही. एवढे जपणे ज्याला जमणार नाही, त्याने या वाटेस जाऊच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.