फिट आणि अनफिटच्या मधले आठवडे

डोक्याला मार लागलेल्या माणसाचं सीटी स्कॅन नॉर्मल आलं की घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात. टाकायलाच हवा. मेंदूत रक्तस्राव नाही, कवटीला तडा नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या रिपोर्टचा अर्थ तेवढाच असतो. मेंदूला बसलेला हादरा सहसा सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. त्या हादऱ्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, पेशींमधल्या क्षारांचा तोल ढळतो. तो सावरायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच काळात त्याचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. बिघाड कामकाजात असतो, म्हणून तो फोटोत येत नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली त्या आठवड्यात नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसले होते. पट्टे न मारलेल्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि मी डांबरावर पडले. हेल्मेट होतं म्हणून कवटी शाबूत राहिली. मेंदू आतल्या आत हलायचा तो हललाच. रात्रभर देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या होत्या, कोपराचे टाके कधी काढायचे ते होतं. पुढचे आठवडे डोक्याचं काय होणार, याबद्दल एक ओळही नव्हती.

झालं ते असं. फळ्यावर उदाहरण लिहून मुलांकडे वळले की मी थांबायचे, पण वर्ग वळतच राहायचा. टेबलाची कड धरून उभी राहायचे. बाक सरकवल्याचा आवाज कानात नाही, कपाळात बसायचा. ट्यूबलाइटखाली डोळे मिटावेसे वाटायचे. वर्गसमीकरण सोडवताना तिसऱ्या ओळीवर आले की पहिल्या ओळीत काय धरलं होतं तेच निसटायचं, आणि ही गणितं मला झोपेतही सुटतात. दुपारनंतर बोलणं जड व्हायचं. घरी आल्यावर कुणी साधं ‘चहा टाकू का’ विचारलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

हाताला प्लास्टर असतं तर मला कुणी पाण्याची कळशी उचलू दिली नसती. हे दुखणं कुणाला दिसत नाही, हाच त्याचा खरा जाच. ‘मॅडम, आता छान दिसताय की!’ सहकारी प्रेमानेच म्हणायचे. मला मात्र त्यानंतर ‘डोकं गरगरतंय’ म्हणायची चोरी व्हायची. एकट्या सासूबाईंनी काही विचारलं नाही. कुकर लावायच्या आधी त्या मला मागच्या खोलीत जाऊन बसायला सांगायच्या.

पुढे एका न्यूरॉलॉजिस्टने नीट समजावून सांगितलं, तेव्हा निम्मी भीती गेली. बहुतेक मोठी माणसं काही आठवड्यांत बरी होतात. काहींचा त्रास महिनोन्महिने रेंगाळतो, तरीही तो बहुधा कमी होत जातो. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या अशा दुखापतींवर तज्ज्ञांची परिषद झाली. तिचंही म्हणणं हेच, की पहिले २४ ते ४८ तास आराम करावा, मोबाइल-टीव्ही कमी ठेवावा आणि मग त्रास फारसा वाढणार नाही इतपत चालणं-फिरणं सुरू करावं. चक्कर अनेकदा आतल्या कानातून किंवा मानेतून येते, आणि तिच्यावर उपचार आहेत. माझ्या फिजिओथेरपिस्टने भिंतीवर ठळक ‘अ’ लिहिलेला कागद चिकटवायला लावला. नजर त्या अक्षरावर ठेवून मान डावी-उजवीकडे फिरवायची, अक्षर हलायला लागलं की थांबायचं. सुरुवातीला मळमळायचं. हळूहळू अक्षर जागच्या जागी राहू लागलं. आणखी एक गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती: वेदनाशामक गोळ्या महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस घेत राहिलं, तर पुढे त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं.

शाळेत परतताना अडलं ते वैद्यकीय दाखल्यावर. अनफिट असाल तर घरी बसा, फिट असाल तर सगळे तास घ्या. मला दोन तास शिकवणं जमत होतं, सहा जमत नव्हते, आणि हे लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. शेवटी सहकाऱ्यांनी आपसात माझे दुपारचे तास वाटून घेतले. त्यांच्या चांगुलपणावर माझं निभावलं. कापड दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी, घरोघरी पार्सल पोहोचवणारा पोरगा, तासिका तत्त्वावरचे आमचेच शिक्षक यांनी काय करायचं? तास बुडाला की त्यांचा पैसाही बुडतो.

हे न दिसणारं दुखणं क्रिकेटने ओळखलं. २०१९ पासून डोक्याला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. ३१ जानेवारी २०२५ ला आपल्या गहुंजेच्या मैदानावर शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला. फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा, यावर आमच्या स्टाफरूममध्येही हमरीतुमरी झाली. तो वाद रास्तच होता. पण डोक्याला मार लागलेल्याने ‘मी ठीक आहे’ म्हटलं तरी तेवढ्यावर त्याला खेळवत ठेवायचं नाही, ही मूळ गोष्ट त्या वादात कुणाच्या बोलण्यातच आली नाही. आमच्याच शाळेत कबड्डीत डोक्यावर आपटलेली मुलं पाणी पिऊन पुन्हा मैदानात उतरतात आणि दुसऱ्या दिवशी चाचणीला बसतात.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत आणि दोन्हींना खर्च जवळजवळ नाही. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाला घरी सोडताना मराठीत छापलेलं एक पान द्यावं. वारंवार उलटी, वाढती गुंगी, झटका, हातापायातली शक्ती जाणं, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसलं तर तडक दवाखान्यात या, हे त्यावर सर्वांत वर असावं. खाली डोकेदुखी, चक्कर, उजेड-आवाजाचा त्रास, विसरणं, चिडचिड आणि रडू यांची नोंद असावी, आणि ते किती दिवसांत कमी न झाल्यास पुन्हा दाखवायचं तेही. आणि वैद्यकीय दाखल्यावर फिट-अनफिटच्या जोडीला तिसरा रकाना हवा: रोज किती तास काम, कोणतं काम नको आणि पुन्हा तपासणी कधी. तो रकाना भरलेला असेल, तर पगार न कापता तेवढेच तास काम देणं मालकावर, संस्थेवर आणि शिक्षण खात्यावर बंधनकारक असावं. शाळेतल्या मुलांसाठीही तोच दाखला चालावा, चाचणी पुढे ढकलण्यासाठीसुद्धा.