काविळीवरचा खरा उपाय गटाराच्या तोंडाशी आहे

"डॉक्टर, बाहेरचं काहीच खाल्लं नाही, मग कावीळ झालीच कशी?" हा प्रश्न मला दरवर्षी हमखास विचारला जातो. उत्तर बहुतेक वेळा पाण्यात असतं. त्या पाण्याचं आरोग्य फक्त आपल्या घरातल्या फिल्टरवर ठरत नाही. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरही ते अवलंबून असतं.

पंचगंगेचंच उदाहरण घ्या. ही नदी कोल्हापूरवरून पुढे इचलकरंजीकडे जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वरच्या गावाने नदीत जे सोडलं, ते खालच्या गावाच्या वाट्याला येतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसं दगावली. ती कावीळ हिपॅटायटिस ई या विषाणूची होती. हा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि दूषित पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. बहुतेक रुग्ण विश्रांती आणि योग्य आहाराने बरे होतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र हाच आजार जिवावर बेतू शकतो.

केंद्रात नेमकं काय होतं?

कोल्हापुरात जयंती नाल्याचं पाणी अडवून पंपाने कसबा बावड्याच्या केंद्रात नेलं जातं. या केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर आहे. अशा केंद्रात आधी जाळीवर प्लास्टिक आणि चिंध्या अडतात, मग वाळू खाली बसते. पुढच्या टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवले जातात आणि ते पाण्यातली घाण खाऊन टाकतात. आपल्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंसारखेच हे कामाचे जिवाणू! नंतर गाळ खाली बसतो आणि वरच्या पाण्यात क्लोरीन घालून उरलेले रोगजंतू कमी केले जातात.

हे काम टाकीत झालं नाही, तर नदीत होतं. तिथले जिवाणू घाण खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मग मासे तडफडून मरतात आणि पाण्याला दुर्गंधी सुटते. या घाणीचं एक माप म्हणजे बीओडी. कच्च्या घरगुती सांडपाण्यात ते लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आंघोळीयोग्य नदीत ते ३ पेक्षा जास्त नसावं, असा आपल्याकडचा निकष आहे.

माझं मत

केंद्राच्या उद्घाटनाला गर्दी होते, पण ते रोज चालतं का, हे कुणी विचारत नाही. पंप बंद पडला किंवा वीज गेली, तर नाला थेट नदीत जातो. पाटीवरची क्षमता कितीही मोठी असो, जे गटार केंद्रापर्यंत पोहोचतच नाही त्याचा काय उपयोग? माझ्या दृष्टीने या केंद्राचं वीजबिल आणि देखभाल हा आरोग्यावरचाच खर्च आहे. सलाईन लावण्यापेक्षा तो नक्कीच स्वस्त पडतो.

म्हणून आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न जरूर विचारा. शहराचं किती सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचतं? वीज गेल्यावर पंप कशावर चालतात? बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तपासणी अहवाल लोकांना बघायला मिळतात का?

आपण काय करायचं?

• घराचं सांडपाणी ड्रेनेज लाइनलाच जोडा, पावसाळी गटाराला नको.
• सॅनिटरी पॅड, डायपर, उरलेलं तेल आणि जुनी औषधं संडासात किंवा सिंकमध्ये टाकू नका.
• प्रक्रिया केलेलं सांडपाणीही पिण्यायोग्य नसतं. साथीच्या दिवसांत पाणी उकळूनच प्या.
• डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्याच्या औषधात वेळ घालवू नका, रक्ततपासणी करून घ्या. गरोदर स्त्रीला कावीळ झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.