जहाजावर साडी चालेल का?



गेले पंधरा दिवस आमच्या महिला मंडळात एकच विषय चालला आहे आणि त्यातलं बरंचसं मला पटत नाही, म्हणून आज लिहिते.

आमच्यातली एक जण, वय चौसष्ट, येत्या जूनमध्ये लंडनला मुलाकडे जाणार आहे. मुलाची बदली अमेरिकेत झाली आणि नातवंडांच्या हट्टापायी ते सगळे विमानाऐवजी साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जहाजाने जाणार आहेत. सात रात्री समुद्रावर. खामगावातून जलंबला गाडी बदलायची म्हटलं तरी आपल्याला दहा पिशव्या लागतात, त्यात हे! आता ही म्हणते, मी जातच नाही. अडचण पैशाची नाही, तब्येतीची नाही, चौविहाराचीसुद्धा नाही. अडचण कपड्यांची आहे. सून म्हणते, "मम्मीजी, साडी तिथे जमणार नाही, पँट आणि गाऊन घ्या." जाऊबाई म्हणतात, "या वयात पँट घातलेले फोटो आले तर समाजात काय सांगशील?"

माझं मत विचाराल तर दोघींचा प्रश्न एकच आहे: लोक काय बघतील? तिला थंडी वाजेल का, जिन्यात पाय अडकेल का, हे एकीनेही विचारलं नाही. ज्या बाईने ते कपडे सात दिवस अंगावर वागवायचे आहेत, तिच्या सोयीचं काय?

जहाज ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे बाहेर वारा नसला तरी डेकवर तेवढा वारा तोंडावर येतोच. उत्तर अटलांटिकवर जूनमध्येसुद्धा हवा आपल्याकडच्या जानेवारीतल्या पहाटेसारखी असते. अशा वाऱ्यात शाल म्हणजे पतंग. बटणांचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारं जाकीट, हेच खरं. पदर खांद्यावर पिन लावून कमरेला खोचलेला हवा, आणि डोक्यावर पदर घ्यायची सवय असेल तर बाहेर त्याऐवजी कान झाकणारा रुमाल किंवा टोपी. जहाज हलतं तेव्हा एक हात कायम कठड्याला लागतो. साडीवाली बाई जिना चढताना त्याच हाताने निऱ्या उचलते. मग धरायचं काय, कठडा की निऱ्या? डेकच्या दारांना काही ठिकाणी उंच उंबरे असतात, तिथेही हीच गत. आणि जहाज सुटायच्या वेळी प्रत्येकाला सुरक्षेची माहिती घ्यावी लागते, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते शिकवतात. ते जॅकेट चोपून नेसलेल्या साडीवर बांधता येतं, पण जमिनीवर लोळणाऱ्या निऱ्या सांभाळत बोटीत चढणं कठीण. म्हणून साडी नेसायचीच असेल तर घोट्याच्या वर चार बोटं नेसा आणि आत परकराऐवजी गरम लेगिंग घाला. वरून कोणालाही कळत नाही.

साडी जहाजावर चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी आनंदीबाई जोशी आठवाव्यात. 7 एप्रिल 1883 ला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, नवरा बरोबर नाही, अंगावर नऊवारी. आता नऊवारीचा गुण बघा. काष्टा असल्यामुळे जिना चढायला, भराभर चालायला सहावारीपेक्षा ती किती तरी सुटसुटीत. पण पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्या हवेत ते सुख, अमेरिकेच्या थंडीत ती शिक्षा. आनंदीबाईंनी तिथे विचार करून साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली, म्हणजे पाय घोट्यापर्यंत झाकले जातील. साडी सोडली नाही, पण नेसण्याची पद्धत बदलली. हे गावाने ठरवलं नाही, तिने ठरवलं. मांसाहारही तिने केला नाही. जी मुलगी नेसण्याबाबत इतकी लवचीक होती ती खाण्याबाबत अजिबात नव्हती, आणि मला वाटतं कुठे वाकायचं आणि कुठे नाही हे तिला आपल्या मंडळापेक्षा जास्त कळत होतं.

उलट उदाहरण गांधीजींचं. 4 सप्टेंबर 1888 ला ते मुंबईहून विलायतेला निघाले. त्याआधी आईची समजूत घालायला एक जैन साधू, बेचरजी स्वामी, पुढे आले आणि त्यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ दिली. ती शपथ त्यांनी पाळली. पण कपड्यांचं काय झालं? जहाजावर काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायला खास राखून ठेवला. सप्टेंबरअखेर साउथॅम्प्टनला उतरले तर सगळ्या गर्दीत पांढरे कपडे घातलेले ते एकटेच! बाकीचं सामान आधीच एजंटाकडे दिलेलं, दुसरे दिवशी रविवार, त्यामुळे बदलायचीही सोय नाही. आत्मकथेत त्यांनी हे स्वतःच लिहिलं आहे. लोकांना दाखवायला म्हणून राखून ठेवलेला कपडा वेळेला असा दगा देतो.

वीरचंद गांधींबद्दलही सांगायला हवं. साधू वाहनात बसत नाहीत म्हणून आत्मारामजी महाराजांनी 1893 च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला त्यांना पाठवलं. डोक्यावर काठियावाडी पगडी घालूनच ते तिथे बोलले. परत आल्यावर समुद्र ओलांडला म्हणून समाजातल्या काहींनी आक्षेप घेतला. आज त्याच समाजातली मुलं दर सुट्टीत दुबई-सिंगापूर करतात आणि आपण मात्र चौसष्ट वर्षांच्या बाईच्या लेगिंगवर चर्चा करतो.

आता धर्माची बाजू. आपल्यापैकी पुष्कळ जणी रोज सकाळी चौदा नियम धारतात. त्यात वाणह म्हणजे पादत्राणं, वत्थ म्हणजे वस्त्रं, शिवाय वाहन आणि दिशा, सगळं मोजायचं असतं. प्रवासाची बॅग भरायला याहून चांगली यादी मला माहीत नाही. मी बी.कॉम. झालेली बाई, मला हिशेबाशिवाय सुचत नाही. सात रात्रींसाठी माझा आकडा असा: हलक्या मिक्स कापडाच्या तीन साड्या, दोन पंजाबी ड्रेस, दोन गरम लेगिंग, एक स्वेटर, एक जाकीट, चपलाजोडे दोन. बस. मैत्रिणीच्या यादीत चौदा साड्या होत्या!

मिक्स कापड का, ते सांगते, कारण खामगावात राहून कापसाविरुद्ध बोलणं म्हणजे माहेराविरुद्ध बोलणं. पण खाऱ्या हवेत सुती कापड दमट होतं, धुतलं तर केबिनमध्ये लवकर वाळत नाही आणि मग अंगाला गार लागतं. अंगालगत सुती ब्लाउज जरूर घाला, साडी मात्र पटकन वाळणारी हवी. फार तलम जॉर्जेटही नको, ते वाऱ्यावर उडतं. रेशमाबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे. कोश उकळून काढलेला धागा मी लग्नातसुद्धा नेसत नाही, तर जहाजावर कशाला?

राहिला सुनेचा गाऊन. क्वीन मेरी 2 सारख्या जहाजावर संध्याकाळी सहानंतर जरा नीटनेटके कपडे अपेक्षित असतात आणि सात रात्रींत साधारण दोन खास समारंभाच्या रात्री असतात. आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाख त्या रात्री चालतो, म्हणजे जरीकाठाची एक चांगली साडी पुरे. ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी साध्या कपड्यांत जेवायची वेगळी जागा असते. आणि गंमत बघा, जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे सहा-सातला जेवूनसुद्धा चौविहार पाळला जातो. डिसेंबरात गेलात तर चारच्या सुमारास सूर्यास्त! मग समारंभाचं जेवणही नाही आणि समारंभाची साडीही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये त्या दिवसांत पाच तासांचा फरक असतो, म्हणून जाताना बहुतेक रात्री घड्याळ तासभर मागे करतात. सूर्यास्ताची वेळ रोज जहाजावरच विचारायची, खामगावहून लिहून नेलेला तक्ता कामाचा नाही.

पँटबद्दल मला स्वतःला वावडं नाही. तिला घालावीशी वाटली तर घालावी, नको वाटली तर सुनेने आग्रह करू नये. जाऊबाईंना फोटोंची काळजी असेल तर त्यांनी फोटो बघू नयेत. पण पन्नास वर्षं साडीत वावरलेल्या बाईला जहाजावर पहिल्यांदाच पँट घालायला लावू नका. जे घालायचं ते महिनाभर आधी घरात घालून, जिना चढून-उतरून बघू दे.

आणि चपला. कातड्याच्या नकोतच, ते आपण सगळ्याच जाणतो. पण रबराच्या गुळगुळीत स्लिपरही नको, ओल्या डेकवर घसरतात. खाचा असलेल्या रबरी तळाचे, मागून बंद, कापडी बूट घ्या, आणि पायमोजे घालून मापाला बघा, कारण तिकडे मोज्यांशिवाय पाय ठेववत नाही. सेफ्टी पिनांची एक डबी बॅगेत टाका. सगळ्यांना वाटता येतील एवढ्या.