टोपलीतले विषय आणि राजूरचा विद्यार्थी

राधाकृष्णन आयोगाने १९४९च्या अहवालात पदवीच्या पातळीवर सामान्य शिक्षणाचा आग्रह धरला होता. साहित्याच्या विद्यार्थ्याला विज्ञानाची रीत कळावी आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला माणसाचा इतिहास, असे त्याचे सार सांगता येईल. पाऊणशे वर्षांनंतर हा आग्रह नियम होऊन आपल्या दारी आला आहे. महाराष्ट्र शासनाच्या एप्रिल २०२३च्या निर्णयात, मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचे १० ते १२ श्रेयांकांचे अभ्यासक्रम बंधनकारक ठरवले गेले. संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून आली. तत्त्व आम्हांला मान्य आहे, सक्तीही मान्य आहे. आक्षेप आहे तो 'बास्केट' या कल्पनेला.

टोपलीतून निवडायचे, तर ती आधी भरलेली असावी लागते. अकोले तालुक्यातल्या राजूरसारख्या गावी विषयाची निवड बहुधा कुतूहलावर ठरत नाही. कोणत्या शिक्षकाचा कार्यभार भरायचा आहे आणि गावाकडची एसटी किती वाजता आहे, यावर ती ठरते. पर्यावरणाच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाचे काय झाले, ते आपण पाहिलेच आहे. रानातून पायवाट तुडवत येणारी मुले तयार प्रकल्पवह्या उतरवून काढतात आणि आपण त्यांवर सह्या करतो. यात मुलांपेक्षा आपला दोष अधिक.

म्हणून आम्हांला वाटते, की दहा नावांची यादी देण्यापेक्षा सर्व शाखांना मिळून एकच अभ्यासक्रम द्यावा आणि दोन शाखांच्या शिक्षकांनी तो एकत्र शिकवावा. राजूरपासून जवळच, प्रवरेवर, १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण आहे. पाणी इथे साठते आणि ऊस खाली पिकतो, हे असे का? या एका प्रश्नासाठी भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र आणि विस्थापितांचे साहित्य, सारेच उघडावे लागते. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२०चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांच्या ज्ञानाला वनस्पतिशास्त्र म्हणायचे की लोकविद्या, या वादात कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना सारखेच बोलता येईल.

यातला धोकाही आम्ही जाणतो. 'स्थानिक' म्हणता म्हणता आदिवासी मुलांच्या वाट्याला फक्त रानभाज्या आणि राघोजी भांगरे ठेवायचे, आणि डार्विन, सॉफोक्लीज, राज्यघटनेवरील वाद शहरांसाठी राखायचे, ही नवी अस्पृश्यताच ठरेल. धरणापासून सुरुवात करायची ती तिथेच थांबण्यासाठी नव्हे. गावच्या पाण्याचा हिशेब मागायला शिकलेला विद्यार्थी अँटिगनीचा राजाज्ञेशी झालेला झगडा परका मानणार नाही.

सामान्य शिक्षणाची सक्ती प्रथम आपल्यावर, शिक्षकांवर आहे. आपल्या विषयाबाहेरचे शेवटचे पुस्तक आपण केव्हा वाचले, हे आधी एकमेकांना विचारू या.