उद्याची भाकर आणि आजची कीर्द

महिनाअखेरच्या रविवारी पाळकांनी पर्वतावरील प्रवचनावर उपदेश करू नये, असे माझे जुने मत आहे. आकाशातील पाखरांचे आणि रानातील फुलांचे ते दृष्टांत व्यासपीठावरून रंगात आलेले असतात, तेव्हा समोरच्या बाकावर घरभाडे थकलेला, पतपेढीचा हप्ता चुकलेला आणि मुलीच्या फीची अद्याप काहीच तजवीज न झालेला एखादा गृहस्थ बसलेला असतोच. आणि पाखरांना ना घरमालक ना सावकार, हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्यातच चिंता करणे म्हणजे अविश्वास, असे त्याला ऐकविले म्हणजे पैशाच्या काळजीत पापाच्या काळजीची भर पडते आणि तो बिचारा आला त्याहून जड पावलांनी घरी जातो.

याचा अर्थ ते वचन व्यवहाराला उपयोगी नाही, असा मुळीच नव्हे. ते अक्षरशः खरे मानून ज्यांनी आयुष्ये काढली अशी माणसे होऊन गेली आहेत; आमच्या उपदेशांत त्यांची नावेही वारंवार येतात. मात्र त्यांच्या चरित्राचा अर्धाच भाग सांगितला जातो, अशी माझी तक्रार आहे.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचेच उदाहरण घ्या. प्रशियातील एका अबकारी अंमलदाराचा हा मुलगा बापाच्या ताब्यातील सरकारी रकमेवर लहानपणीच हात मारीत असे, आणि सोळाव्या वर्षी उताराघरांची बिले बुडविल्याबद्दल त्याने तुरुंगही पाहिला होता. म्हणजे पैशाच्या बाबतीत हा काही जन्माचा साधू नव्हे. पुढे इंग्लंडात पाळकपण करू लागल्यावर 1830 साली त्याने आपला ठरीव पगार सोडला. कारण तो पगार प्रार्थनामंदिरातील बाकांच्या भाड्यातून येई, आणि श्रीमंताला पुढचा बाक व गरिबाला मागचा, ही व्यवस्था त्याला ख्रिस्ताच्या घरी न शोभणारी वाटली. पगाराच्या जागी त्याने मंदिरात एक पेटी ठेवली. ज्याला जे द्यावयाचे असेल ते त्याने निमूटपणे तीत टाकावे. 1836 मध्ये ब्रिस्टलला भाड्याच्या घरात त्याने अनाथ मुलींचा आश्रम काढला, आणि 1870 पर्यंत ॲशली डाऊनच्या उंचवट्यावर पाच मोठ्या इमारती उभ्या राहून दोन हजारांवर मुलांची सोय झाली. हे सर्व कोणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर झाले, एवढे आपण ऐकलेले असते.

सहसा न सांगितला जाणारा भाग असा, की या माणसाने कर्ज म्हणून कधी काढले नाही. दिवसाचे पैसे हाती नसले तर पाव आणि दूध उधारीवरही आणावयाचे नाही, असा आश्रमाचा दंडक होता, आणि तंगीच्या दिवसांत तेथील काम करणाऱ्यांनी स्वतःजवळच्या चीजवस्तू मोडून तो पाळला. आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद होई. आश्रमाच्या छापील वृत्तांतांत मोठ्या रकमांबरोबर काही पेन्स, चांदीचे चमचे, ताटल्या, कापडाचे तुकडे हेही सारख्याच गांभीर्याने जमेस धरलेले आढळते. असे वृत्तांत प्रसिद्ध करणे हीच एक तऱ्हेची याचना नव्हे काय, असा आक्षेप निघू शकतो आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु 1841 च्या अखेरीस शिल्लक जवळजवळ शून्यावर आली असता म्युलर यांनी वार्षिक सभा आणि वृत्तांत दोन्ही मुद्दाम लांबणीवर टाकले, कारण त्या घडीला हिशेब लोकांपुढे मांडणे हे मागण्यासारखेच झाले असते. हा विश्वास मला अद्भुत योगायोगांच्या कथांहून अधिक पटतो.

म्युलर यांचे चरित्र वाचून आपल्याकडे ज्यांनी धीर घेतला त्यांत पंडिता रमाबाई अग्रगण्य होत. दुष्काळात आई, बाप आणि बहीण उपासमारीने गेलेली त्यांनी डोळ्यांदेखत पाहिली होती. उद्याच्या भाकरीची चिंता करू नये, हे वाक्य त्यांच्या तोंडी येण्यास केवढी किंमत पडली असेल, याचा विचार करावा. शारदा सदन या त्यांच्या संस्थेसाठी अमेरिकेतील मंडळींनी दिलेल्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत सरत आली, आणि त्याच सुमारास 1896-97 चा दुष्काळ पडला. कोणीही शहाणा कारभारी अशा वेळी खर्च आखडता घेता. बाई उलट मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. पण या मुलींसाठी केडगावच्या उजाड माळावर त्यांनी नुसते गुडघे टेकले नाहीत. तेथे विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, माग चालू झाले, छापखाना उभा राहिला, आणि पुढे तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्या वस्तीत प्रार्थनेची घंटा आणि कामाची घंटा यांत कोणी भेद केला असेल, असे मला वाटत नाही.

याउलट रेव्हरंड नारायण वामन टिळक. पैशाविषयी इतका निश्चिंत पुरुष मराठी ख्रिस्ती समाजात दुसरा झाला नसेल. हाती आलेली रक्कम समोरच्या गरजवंताला देऊन टाकावी, घरात चार परकी मुले आणून ठेवावी, आणि 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ या भक्तमंडळीसाठी मोकळे व्हावे, हे त्यांनाच साधले. त्यांची भक्ती माझ्या लेखी वंदनीय आहे. तरीही त्यांनी टाकलेली चिंता प्रत्येक वेळी प्रभूच्याच खांद्यावर पडत होती की वाटेत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ती उचलीत होत्या, हा प्रश्न बाईंच्या आठवणींचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक वाचणाऱ्याला पडल्यावाचून राहणार नाही. घरातील एकाची निश्चिंतता दुसऱ्याच्या काळजीवर चालली असेल, तर तिला विश्वास म्हणावयास माझी जीभ कचरते.

गंमत अशी, की लक्ष्मीबाईंनी मात्र हा प्रश्न कधी कडवटपणे विचारला नाही. 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य बाईंनी पुरे केले, आणि 1934 पासून त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने येऊ लागल्या, तेव्हा नवऱ्याच्या हातून निसटलेल्या पैशांच्या हकिकतींनी सारा महाराष्ट्र हसला. त्या लेखनात कुरकुर थोडी आणि नोंद पुष्कळ आहे. टिळकांचे एकही येणे बाईंनी बुडीत खाती टाकलेले नाही, आणि एकाचीही वसुली मागितलेली नाही. पुढच्या महिनाअखेरीस ज्या पाळकांना पाखरांवर बोलावयाचेच असेल, त्यांनी ते पुस्तक आदल्या रात्री चाळावे, आणि जमल्यास आपल्या मंडळीच्या खजिनदारालाही वाचावयास द्यावे.