पापाला वारस नसतो, इस्टेटीला असतो

देवळात बुवा परशुरामाची कथा लावतात, तेव्हा आपण मांडी घालून ऐकतो, आरतीत पैसा टाकतो आणि डोळे पुशीत घरी येतो. त्या कथेने आपल्या पदरात काय बांधले, हे मात्र कोणी सोडून पाहत नाही. आज ती गाठ सोडू.

कथा सर्वांना ठाऊक आहे. सहस्रार्जुन राजाने जमदग्नी ऋषीचे गोधन पळविले. परशुरामाने त्याला ठार केले. मग राजाच्या मुलांनी जमदग्नीचा जीव घेतला. येथवर आरोपी बोटांवर मोजता येतात. पुढे मात्र परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली आणि रक्ताची पाच तळी भरली म्हणे! अहो, पहिल्याच खेपेस क्षत्रिय संपले, तर दुसऱ्या खेपेस मारायला आले कोठून? आणि उरले होते, तर पृथ्वी निःक्षत्रिय झाली कशी? ‘शेतातली हरळी मुळासकट काढली’ असे सांगणाऱ्या गड्याला तीच हरळी पुन्हा वीस वेळा काढावी लागली, तर आपण त्याची मजुरी कापतो. येथे मात्र हात जोडतो! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या चिरंजीव महाराजांना हजर होण्याची नोटीसच काढली. मुदत केव्हाच टळली, महाराजांचा पत्ता नाही.

बरे, हिशोबाची चूक एक वेळ पोटात घालू. न्यायाची चूक कशी घालावी? गोधन चोरले एकाने, खून केला त्याच्या पोरांनी, आणि कापली गेली सबंध जात, आईच्या पोटातल्या गर्भासकट! अपराध माणसाच्या हाताने घडत नाही, तो रक्तातून उतरतो, हे विष या कथेच्या पोटात आहे. आणि ही नुसती करमणुकीची कथा नव्हे. परशुरामाने काही मारले, उरलेले नंदांपाशी संपले, सबब कलियुगात ब्राह्मण आणि शूद्र असे दोनच वर्ण, हा निवाडा याच थापेवर उभा राहिला. म्हणून १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला काशीचे गागाभट्ट लागले. आणि म्हणूनच १८९९ साली कोल्हापुरास पंचगंगेवर शाहू छत्रपतींसारख्या राजापुढे भटजीने वेदोक्त टाळून पुराणोक्त मंत्र म्हटले. राजाची ही कथा, तर कुणब्या-कुंभाराला कोण पुसतो? त्याला तर त्याहून स्वस्त औषध ठेवलेले होते: ‘तुझे हे हाल मागल्या जन्मीच्या पापाचे!’ म्हणजे बापाचेही नव्हे, आजाचेही नव्हे. ज्या पापाला साक्षीदार नाही, कागद नाही, त्याची सजा मात्र रोजच्या भाकरीत.

भटशाहीची ही युक्ती गोऱ्या सरकारालाही पसंत पडली. १८७१ साली त्याने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. पारध्याचे, कैकाड्याचे पोर जन्माला आले की गुन्हेगार! चोरी करण्याआधीच अंगठ्याचा ठसा आणि पोलिसाकडे हजेरी. सोलापुरास तर अशांच्या वसाहतीला तारेचे कुंपण घातले होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण गावात चोरी झाली की आजही पहिली काठी पारध्याच्या पालावर पडते. कायदा गेला, परशुराम गेला नाही.

आता कडू घोट. हा परशुराम काय फक्त भटांच्याच अंगात येतो? ३० जानेवारी १९४८ रोजी गोडशाने गांधींचा खून केला. तो ब्राह्मण होता, एवढ्यावरून सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गावोगाव ब्राह्मणांची घरे पेटली. ज्यांनी गोडशाचे नावही ऐकले नव्हते, त्या म्हाताऱ्याकोताऱ्या उघड्यावर आल्या. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला; शिवरायांचे चित्रपट काढणाऱ्याचा! ज्यांच्या हाती पलिते होते ते बहुतेक आपलेच होते. एकाचा गुन्हा, जातीला शिक्षा. सांगा, त्या दिवशी परशुराम कोणाच्या अंगात आला होता?

याच मुलखाच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली काय केले ते आठवा. १२ मे रोजी सुप्याला दंगा उठला, आणि तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. सावकारांवर राग काय थोडा होता? पण बहुतेक ठिकाणी लोकांनी मागितली ती खते आणि रोखे. ते हाती आले की जाळले आणि माणसाला सोडले. आपले वैर कागदाशी आहे, हे त्या अडाणी म्हटलेल्या माणसांना कळत होते.

येथे कोणी शहाणा टाळी वाजवून म्हणेल, ‘वा मास्तर! म्हणजे मागचे सारे विसरायचे, आमच्या पूर्वजांचे आमच्याकडे काही निघत नाही!’ थांबा. पाप वारशाने येत नाही, पण घर येते, वाडा येतो, वतन येते, सात पिढ्यांची अक्षरओळख येते. बापाचे कर्ज फेडणे हा मुलाचा धर्म, असे शास्त्र सांगत होते; त्यावर १८६६ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला की, वारसाने पूर्वजांचे कर्ज द्यायचे ते त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरतेच. सावकारी सोसलेल्या घराला याहून सोपा न्याय कोणता सांगू? कर्ज माणसाच्या कातडीवर नाही, इस्टेटीवर आहे. ब्राह्मणाच्या पोराला पणजोबाच्या पापाबद्दल शिवी देऊ नका. पण इस्टेट घेईन आणि बोजा नाकारीन, असे तो म्हणाला, तर त्याला सोडूही नका. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, तो कोणाला दंड नव्हता. थकलेल्या बाकीचा तो पहिला हप्ता होता.

आणि हीच फूटपट्टी आपल्या पाठीला लावा. २० मार्च १९२७ रोजी महाडास चवदार तळ्याचे पाणी प्याले म्हणून अस्पृश्य बांधवांची डोकी फुटली. नगरपालिकेने ते तळे १९२४ सालीच खुले केले होते. लाठ्या घेऊन धावलेले काय सारे भटच होते? गावाबाहेरचा महारवाडा आपल्या पणजोबांनी राखला, आणि आतली विहीर वारशाने आपल्याला आली. त्या विहिरीवरचा बोजा कोण फेडणार? पुढे जेधे-जवळकरांनी, ब्राह्मणांना दूर ठेवा तर आम्ही सोबत येतो, असे कळविले, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी ती अट नाकारली. त्यांचे वैर ब्राह्मणाशी नव्हते, ब्राह्मण्याशी होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते.

तेव्हा आता कोणी बुवा, कोणी पुढारी जातीकडे बोट दाखवून ‘यांच्या पूर्वजांनी’ म्हणून सुरू झाला, की त्याला दोनच सवाल टाका. गुन्हा कोणी केला, त्याचे नाव सांग. आणि त्या गुन्ह्याची मिळकत आज कोणाच्या घरात आहे, ते दाखव. पहिल्याचे उत्तर नसेल, तर काठी खाली ठेवा. दुसऱ्याचे उत्तर असेल, तर वही उघडा. मग ते घर वाड्यातले असो वा आपले स्वतःचे.

— एक खेड्यातला शाळामास्तर