दागिन्याचे मोल

दागिन्याचे मोल तोळ्यांवर ठरवावयाचे, ही आपल्या घरांतील जुनी रीत. व्हिएन्नाचा कोलोमान मोझर (१८६८–१९१८) याचे माप निराळे होते. १९०३ साली योझेफ होफमान आदींसह त्याने ‘वीनर वेर्कश्टेट’ ही कार्यशाळा स्थापिली. तेथील अलंकारांत हिऱ्यांऐवजी चांदी व साधे रंगीत खडे असत. धातूच्या किमतीहून कारागिराच्या कामाची किंमत मोठी, असे तिच्या चालकांचे म्हणणे. ‘वेर साक्रुम’ या नियतकालिकाची पाने सजविताना मोझरने जोपासलेली चौकोनांची नि मोजक्या रेषांची आवड त्याच्या दागिन्यांतही उतरली. १९०८ ची ऑस्ट्रियाची टपाल-तिकिटेही त्याचीच. आजीची ठुशी मोडावयास देण्यापूर्वी वाचकभगिनींनी तिची घडण एकवार न्याहाळावी, असे आम्हांस वाटते. सोने पुन्हा घेता येते. ती घडण पुन्हा मिळत नाही.